काहिलीपाशी कोण उभं आहे?

'एकमेकांकडून शिका' असं वारं सध्या पुण्यातल्या कंपन्यांत आहे. वर्ग आणि प्रमाणपत्रापेक्षा शेजारच्या टेबलावरचा सहकारी जास्त शिकवतो, हे तिथल्या मनुष्यबळ विभागाला आता पटलंय. सोबत सत्तर-वीस-दहाचं सूत्रही ऐकवतात : सत्तर टक्के शिकणं कामातून, वीस सोबत्यांकडून, दहा वर्गातून. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्वतःबद्दल आठवून जे सांगितलं, त्यावरून निघालेलं हे सूत्र. वजनकाट्याचं माप नव्हे.

या मंडळींनी सोलापूर रस्त्याला लागून यवतपर्यंत यावं. यवत, केडगाव, राहू बेट हा दौंड तालुक्यातला गुऱ्हाळांचा पट्टा. इथला गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, बहुधा कुठल्याच संस्थेत शिकलेला नसतो. आधी मोळ्या वाहायच्या, मग चरकात ऊस सारायचा, मग चुलवाणाशी बसून चिपाड सारताना जाळ कधी वाढवायचा, कधी मागे ओढायचा ते ओळखायचं. पुढे भेंडीचं पाणी घातल्यावर वर येणारी मळी काढायची. काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, कधी उतरवायची हे ठरवणं सर्वांत शेवटी. काकवी साधारण १०५ अंशांना होते, गूळ ११८च्या आसपास. पण गुळव्या थर्मामीटरकडे बघत नाही. पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडून बोटांत गोळी वळते का, ते बघतो. घाई झाली तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर पाक करपतो आणि मालकाचं नुकसान होतं. म्हणून नवख्याच्या हाती काहील लवकर येत नाही. लायबेरियातल्या शिंप्यांचा अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांना हाच क्रम दिसला होता : उमेदवार आधी बटणं लावतो, कापड बेतायला सगळ्यात शेवटी मिळतं.

आता शेजार मोठा झालाय. उत्तर प्रदेशातून आलेले कामगार आपली हातोटी घेऊन आलेत. दूरच्या गुऱ्हाळात गुळाच्या वड्या कशा पाडतात, ते मोबाइलवर दिसतं. पूर्वी अशी खबर बाजाराच्या दिवशी लागायची. चांगलंच आहे. पण बघून फक्त चांगलंच शिकलं जातं, असं कोणी सांगितलं?

चिपाडाऐवजी प्लास्टिकचा कचरा आणि टायर जाळणं, रसात साखर ओतणं, रंग उजळायला हायड्रोस हे रसायन घालणं, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं होतं? एकानं केलं, त्याचा खर्च वाचला, माल खपला. दुसऱ्यानं पाहिलं. धुराच्या तक्रारी झाल्या, साखरेसाठी धाडी पडल्या. तरी फायदा दिसत राहिला.

अशी नक्कल कशी होते ते तपासायला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्डला मुलांसमोर एक मोठा माणूस बाहुलीला बडवताना दाखवला. मुलांनीही तेच केलं. १९६५च्या प्रयोगातली गोष्ट जास्त बोलकी आहे. बडवणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिली, तेव्हा मुलांनी नक्कल कमी केली. मग नकलेला बक्षीस लावलं, तर शिक्षा पाहिलेल्या मुलांनाही ती इतरांइतकीच येत होती. म्हणजे शिकून सगळेच बसलेले असतात. करायचं की नाही, ते फळ बघून ठरतं. कंपन्यांनीही एवढं ध्यानात घ्यावं : खोटा अहवाल देणाऱ्याला बढती मिळाली, तर ती सगळ्या ऑफिसची शिकवणी असते.

कृषी विभागाची शेतीशाळा बांधावर भरते. तशी ती चालू गुऱ्हाळावर भरवावी, मराठीत आणि हिंदीतही. शिकवणारा निष्णात गुळव्या असावा आणि त्याला मानधन मिळावं. पण पिवळ्याधमक ढेपेला भाव आणि काळसर गुळाला नाक मुरडणं चालू राहिलं, तर ही शाळा टिकणार नाही. तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी दुकानदाराकडे काळसर गूळ मागा, आणि त्याचे दोन पैसे जास्त द्यायची तयारी ठेवा.