सर्व्हर दोन ठेवा, पण वेगवेगळ्या वाटांवर

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४० वाजता वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार ठप्प झाले. ते सुरू झाले दुपारी पावणेचारला. बाजाराने दोन कंपन्यांच्या दूरसंचार जोडण्या घेऊन ठेवल्या होत्या, पण त्या दिवशी दोन्हींत बिघाड झाला. एवढ्या मोठ्या संस्थेवर ही वेळ येते, तर अंधेरीतली सीएची कचेरी, घाटकोपरची पॅथॉलॉजी लॅब, मुलुंडची पतपेढी, बोरिवलीचे क्लास यांचं काय? यांतल्या अनेकांचं सगळं काम आजही टेबलाखालच्या एकाच सर्व्हरवर चालतं.

त्यांना कळकळीची विनंती आहे: सर्व्हर दोन करा, आणि एका कारणाने दोन्ही बंद पडणार नाहीत असे ठेवा.

खर्चाचा बाऊ करू नका. लिनक्सवर यासाठी लागणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. वेबसाइटसाठी ‘कीपअलाइव्ह्ड’ पुरतो. दोन यंत्रांत एक सामायिक आयपी पत्ता ठेवायचा. पहिलं यंत्र दर सेकंदाला आपण चालू असल्याचा निरोप देतं; तीन-चार सेकंद निरोप आला नाही की दुसरं तो पत्ता आपल्याकडे घेतं. मात्र कधी यंत्र चालू असतं आणि वेब सर्व्हर तेवढा पडलेला असतो. तेही तपासणारी स्क्रिप्ट लावून घ्या.

फाइल सर्व्हरला काळजी जास्त, कारण तिथला मजकूर सतत बदलत असतो. त्यासाठी दोन यंत्रांच्या डिस्क सारख्या ठेवणारा ‘डीआरबीडी’ आहे. २०१० पासून तो लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. त्यात ‘प्रोटोकॉल सी’ निवडा. मग सेव्ह केलेली नोंद दोन्ही डिस्कवर उतरल्याशिवाय पूर्ण धरली जात नाही. त्याच्यावर फाइली शेअर करणारा ‘सांबा’ चालवा आणि ताबा कोणाकडे हे ‘पेसमेकर’ व ‘कोरोसिंक’ यांना ठरवू द्या.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते दोन्ही यंत्रं धडधाकट असताना मधली केबल तुटली तर. दुसरं बंद पडलं असं दोघांनाही वाटतं, दोघंही फाइली बदलू लागतात, आणि खरी फाइल कोणती हे मग सांगता येत नाही. म्हणून ‘फेन्सिंग’ हवंच: समोरचं यंत्र बंद केल्याची खात्री होईपर्यंत ताबा घ्यायचा नाही. शिवाय कौल देण्यापुरतं एक छोटं तिसरं यंत्र ठेवा. यंत्रणा बसवणारा ‘याची गरज नाही’ म्हणाला, तर दुसरा माणूस बघा.

आता वाटांचं. दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवल्या तर दुसरीचा उपयोग काय? दोन सर्व्हरना यूपीएस वेगळे द्या, स्विच वेगळे द्या. इंटरनेट दोन कंपन्यांचं घेतलंत तरी दोघांच्या केबल इमारतीत एकाच पाइपमधून येतात का, ते स्वतः जाऊन पाहा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईच्या बहुतेक भागाची वीज गेली होती, हे लक्षात ठेवून यूपीएसच्या बॅटऱ्या तपासा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावर जमिनीलगत सर्व्हर ठेवू नका.

आणि दुसऱ्या सर्व्हरला बॅकअप समजू नका. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. रोजची वेगळी प्रत कचेरीबाहेर हवीच.

शेवटी परीक्षा घ्या. शनिवारी काम आटोपल्यावर शेअर ड्राइव्हवरची एक एक्सेल फाइल उघडी ठेवा आणि पहिल्या सर्व्हरची वायर काढा. ड्राइव्ह किती सेकंदांत परत आला, फाइल पुन्हा उघडावी लागली का, शेवटची नोंद शाबूत आहे का, हे वहीत लिहा. मग नेटवर्कची केबल काढून तेच करा. दर तीन महिन्यांनी ही परीक्षा घ्या, आणि पहिली पाऊस सुरू होण्याआधी.