आधी पाणी, मग विस्तव

ज्यांचे बालपण वाड्यात किंवा चाळीत गेले, त्यांच्या आठवणीत तांब्याचा बंब नक्कीच असेल. मधोमध उभे नळकांडे, त्याच्या तळाशी जाळीवर पेटलेली लाकडे नि कोळसे, सभोवती पाणी आणि वर धुराला वाट. एका बाजूने थंड पाण्याचा तांब्या ओतावा आणि दुसऱ्या बाजूच्या तोटीतून तितकेच कढत पाणी बादलीत पडावे, अशी ती साधी परंतु चोख व्यवस्था होती. आमच्या घरी बंब पेटविण्याचा मान आजीचा आणि तिचा दंडक एकच : आधी पाणी, मग विस्तव. कोरडा बंब तापला की त्याचे सांधे सुटतात, हे ती अनुभवाने जाणून होती. बँकेतील सेवा संपवून निवृत्त झालो, तरी या वाक्याचे मोल मला पुरते उमगले नव्हते. ते उमगले अमेरिकेत, एका ट्रेलरमधला हीटर स्वतःच्या हाताने जाळल्यावर.

२०२३ च्या जून महिन्यात मुलाकडे गेलो असता यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात चार दिवस मुक्कामाचा बेत ठरला. १८७२ साली स्थापन झालेले हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान. मोटारीमागे जोडून न्यावयाचा ट्रेलर मुलाने एका मित्राकडून मागून आणला होता. दोन खाटा, छोटासा ओटा, शौचालय, हातभर न्हाणीघर आणि भिंतीत बसविलेला पाणी तापविण्याचा हीटर. चाकांवरचे घरच ते. आमचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर, सरोवराजवळ होता. तेथे जूनमध्येही पहाटे पारा शून्याच्या आसपास उतरतो. तळावर विजेची आणि पाण्याची जोडणी होती. मुलाने पाण्याचा पाइप जोडला. मी ओट्यावरचा गरम पाण्याचा नळ उघडून पाहिला. पाणी भळाभळा आले. टाकी भरली असे मानून मी हीटरचे विजेचे बटण दाबले. तासाभराने त्याच नळातून आले ते बर्फासारखे गार पाणी!

चूक कोठे झाली, हे दुसऱ्या दिवशी कळले. त्या प्रदेशात हिवाळ्यात पाणी गोठते आणि गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. पाण्याने भरलेली टाकी त्यामुळे फुटू शकते. म्हणून हिवाळ्यापूर्वी टाकी रिकामी करतात आणि नळ्यांत न गोठणारा द्राव भरतात. हा द्राव टाकीत वाया जाऊ नये यासाठी टाकीला वगळून थंड पाण्याची नळी थेट गरम पाण्याच्या नळीला जोडणारी एक आडवाट ठेवलेली असते. वसंतात ती आडवाट बंद करून टाकीचा मार्ग पुन्हा खुला करावयाचा असतो. ट्रेलरच्या मालकाकडून ते राहून गेले होते आणि आम्ही ते पाहिले नव्हते. त्यामुळे गरम नळ वाहत होता, पण टाकी मात्र कोरडी होती. पाण्यात बुडून राहण्यासाठी घडविलेली विजेची कांडी कोरड्या टाकीत काही क्षणांतच जळून गेली. जगातील निम्म्याहून अधिक गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारी उष्ण कारंजी, ज्या उद्यानात आहेत आणि ज्या नावावरून आपण न्हाणीघरातील यंत्रालाही गीझर म्हणतो, तेथे आम्ही कुडकुडत गार पाण्याने तोंड धुतले.

बँकेत उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाने ही चूक करावी, याची मला अधिक लाज वाटली. खात्यावरची उलाढाल मोठी म्हणजे खात्यात शिल्लक आहे, असे नव्हे, हे आम्ही नवीन सहकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवीत असू. नळ वाहतो म्हणजे टाकी भरली आहे, असेही नव्हे. खरी तपासणी सोपी होती : हीटर थंड असताना बाहेरच्या बाजूचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह किंचित उचलावयाचा, त्यातून पाणी आले तरच टाकी भरलेली.

सुदैवाने त्या हीटरला विजेखेरीज प्रोपेन गॅसचीही सोय होती. आडवाट बंद केली, टाकी भरली, खात्री करून घेतली आणि मग ज्वाला पेटविली. आजीचा दंडक असा अर्ध्या पृथ्वीपलीकडे पाळला गेला. बाहेरची झडप उघडून पाहिले, तर तेथे बंबाचेच धाकटे भावंड बसले होते. खाली ज्वाला, टाकीतून जाणारे धुराचे नळकांडे आणि सभोवती पाणी. तत्त्व तेच, फक्त लाकडाच्या जागी गॅस!

या हीटरची टाकी बहुधा सहा गॅलनची, म्हणजे सुमारे तेवीस लिटरची असते. पंधरा अंशांचे पाणी पंचावन्न अंशांपर्यंत तापविण्यास गॅसवर वीस-पंचवीस मिनिटे, तर विजेवर पाऊण तास लागतो. या तेवीस लिटरांत विसण घातले की चाळीस अंशांचे सुमारे सदतीस लिटर पाणी होते. अमेरिकेतील घरगुती शॉवर मिनिटाला साडेनऊ लिटरपर्यंत पाणी सोडू शकतो. त्या वेगाने ही पुंजी चार मिनिटांत संपते. आमच्या हिशेबाने मात्र त्या भरून दोन बादल्या झाल्या आणि दोन बादल्यांत माझे, पत्नीचे, दोघांचेही स्नान यथासांग झाले. घरी मोठ्या टाकीची सवय असलेल्या मुलाने अंग भिजवून शॉवर बंद करावयाचा, साबण लावावयाचा आणि मग पुन्हा उघडावयाचा, ही रीत तेथे आनंदाने स्वीकारली. मर्यादा डोळ्यांसमोर असली की काटकसर शिकवावी लागत नाही, ती आपोआप अंगवळणी पडते, असे माझे मत आहे.

तथापि ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती वेगळीच आहे. त्या ट्रेलरमध्ये हीटरची ज्वाला न्हाणीघरात नव्हती. ज्वलनाचा कप्पा बाहेरच्या भिंतीकडे उघडणारा होता. त्याला लागणारी हवा बाहेरून येई आणि जळून निघालेला वायू बाहेरच जाई. शिवाय आत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा भोंगा होता आणि गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती ओळखणारे दुसरे यंत्र जमिनीलगत बसविलेले होते. चार दिवसांच्या बिऱ्हाडासाठी एवढी दक्षता! ती पाहताना मला आपल्याकडील न्हाणीघरे आठवली.

आपल्या शहरांतील अनेक सदनिकांत चार फूट रुंदीच्या न्हाणीघरातच गॅस गीझर टांगलेला असतो. त्याची ज्वाला स्वयंपाकाच्या शेगडीपेक्षा कितीतरी मोठी असते. ती खोलीतील हवा वापरते आणि जळालेला वायू खोलीतच सोडते. थंडीच्या दिवसांत आपण खिडकीही लावून घेतो. हवा अपुरी पडली की अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरमधील गॅस गळला तर वासाने कळावा म्हणून त्यात गंधद्रव्य मिसळलेले असते. या वायूला मात्र ना रंग, ना गंध. रक्तातील हिमोग्लोबिनला त्याची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक असते. डोके जड होते, हातपाय गळतात आणि धोका लक्षात येईपर्यंत कडी उघडण्याचेही बळ उरत नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

गॅस गीझर किमतीने परवडतो, वीज गेली तरी चालतो, कित्येक घरांत वर्षानुवर्षे सुरळीत आहे, असा युक्तिवाद केला जाईल. तो खोटा नाही. म्हणून माझे म्हणणे गीझर मोडीत काढा असे नसून, त्याची जागा बदला असे आहे. तो बाहेरच्या भिंतीवर किंवा मोकळ्या गच्चीत बसवावा आणि गरम पाणी तेवढे नळीने आत आणावे. ते होईपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा आणि मगच कडी लावावी. ज्या काटकसरीच्या सवयीने आपण दोन बादल्यांत भागवितो, त्याच सवयीने हे सहज साधेल.

हा विषय आता केवळ परदेशचा राहिलेला नाही. २०२१ साली महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी कारवाँ पर्यटनाची धोरणे जाहीर केली. चाकांवरची घरे आपल्या घाटांतून, समुद्रकिनाऱ्यांवरून फिरू लागली आहेत. स्वस्त पडतो म्हणून घरगुती गॅस गीझर त्यांच्या बंदिस्त न्हाणीघरात बसविला गेला, तर सहलीचा आनंद क्षणात शोकात बदलेल. अशी गाडी बांधून घेणाऱ्याने किंवा भाड्याने घेणाऱ्याने सजावट आणि पडदे पाहण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : टाकी भरली आहे, हे कसे ओळखावयाचे? ज्वाला कोठे आहे? आणि धूर कोठे जातो?

आजीला कार्बन मोनॉक्साइडचे नावही ठाऊक नव्हते. परंतु तिचा बंब नेहमी मागच्या अंगणात, उघड्या आभाळाखाली पेटे आणि आम्ही कढत पाण्याची बादली तेवढी उचलून न्हाणीघरात नेत असू. बादली जड असे, वाटेत पाणी हिंदकळे आणि आम्ही कुरकुरत असू. आज वाटते, ती दहा पावले चालावयास लावून आजी आमचे प्राणच राखीत होती.