केशीला 'अनुभव' कमी पडला म्हणे!

टोगो नावाचा देश आहे हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना २००६ च्या फुटबॉल वर्ल्डकपमुळे कळलं. त्यांना तिथे पहिल्यांदा पोचवलं नायजेरियाच्या स्टीफन केशीनं. आणि प्रत्यक्ष वर्ल्डकपला कोच कोण? जर्मनीचे ओटो फिस्टर!

आता, त्याआधी आफ्रिका कपात टोगो तिन्ही मॅच हरला होता, केशीचं स्टार खेळाडू आदेबायोरशी वाजलं होतं, हे मान्य. पण वर्ल्डकपात फिस्टरसाहेबही तिन्ही हरलेच की राव! प्रोजेक्ट आपण उभा करायचा आणि गो-लाइव्हला ऑनसाइटचा साहेब. आयटीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

केशी १९९४ चा आफ्रिका कप जिंकणाऱ्या नायजेरियाचा कॅप्टन. २०१३ मध्ये तोच कप त्यानं कोच म्हणून जिंकला. दोन्ही जमलेला त्याच्याआधी एकच, इजिप्तचा एल-गोहरी. मला जास्त आवडतं ते हे की युरोपात खेळणाऱ्यांच्या गर्दीत त्यानं देशी लीगमधली पोरंही घेतली. फायनलचा एकमेव गोल त्यातल्याच संडे एम्बाचा.

तरीही दुसऱ्याच दिवशी केशीनं राजीनामा जाहीर केला. मग मागे घेतला म्हणा. २०१६ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी तो गेला.