साकव बांधा, पण पाड्यावरची शाळा उचलू नका

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या खरशेतचा शेंद्रीपाडा जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राला कळला तो छायाचित्रांमुळे. तास नदीच्या खोल घळईवर लाकडी बल्ल्या टाकलेल्या आणि त्यांवरून हंडे घेऊन निघालेल्या बाया. धरायला कठडा नाही. डोक्यावर भरला हंडा असला की खाली पाहायची सोय नसते, तळपायानेच बल्ली चाचपत पुढे सरकायचं. तेव्हाचे मंत्री आदित्य ठाकरे यांनी दखल घेतली, काही दिवसांत तिथे लोखंडी पूल बसला. जुलै २०२२ च्या पुरात तो वाहून गेला. पहिलाच पावसाळा होता.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या आपल्या नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात पाडे विखुरलेले आहेत आणि दोन पाड्यांमध्ये बहुधा एक ओहोळ असतोच. त्यावरचा साकव बांधकाम खात्याच्या वहीत नोंदला जातो. माझ्या मते त्याची पहिली नोंद आरोग्य खात्याकडे हवी. डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र असं प्रमाण आहे. पण मध्ये पाणी भरलं की नर्सबाई अलीकडे आणि लस द्यायची बाळं पलीकडे राहतात. बाळंतपणाआधी काही दिवस बाईने आरोग्य केंद्रात येऊन राहावं म्हणून सरकारने ‘माहेरघर’ योजना काढली, ती ऐन वेळी वाट मिळत नाही हे ओळखूनच.

साकव झाला म्हणून १०८ ची गाडी दारात येणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. जुलै २०२३ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या एका वाडीवरची गरोदर बाई भर पावसात चिखल तुडवत रस्त्यापर्यंत पायी आली आणि दगावली. तिथे रस्ताच हवा होता. साकव डोलीची वाट सुरक्षित करतो, डोली संपवत नाही.

रेशनचंही तसंच. दुकानात यंत्रावर अंगठा द्यायला माणूस स्वतः जावा लागतो. आवणी करून झिजलेला अंगठा उठत नाही, किंवा त्या दिवशी रेंज नसते. मग रिकामी पिशवी घेऊन परत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच ओहोळ. ही खेप साकवाने बिनधोक होते, आणि ते थोडं नाही.

तरी मला खरी धास्ती वेगळीच आहे. शिक्षण हक्काच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. नदीला वळसा घालून तीन किलोमीटर दूर असलेली पलीकडची शाळा साकव झाल्यावर कागदावर अर्ध्या किलोमीटरवर येते. मग कमी पटाची पाड्यावरची शाळा कशाला, असा प्रश्न कुणीतरी काढतोच. दरेवाडीची पोरं आठवा. इगतपुरी तालुक्यातली ही भाम धरणाने उठवलेली वस्ती. २०२२ मध्ये तिथली शाळा बंद होण्याची वेळ आली, तेव्हा मुलं शेळ्या घेऊन जिल्हा परिषदेवर गेली. शाळा देत नसाल तर दप्तरं घ्या, वळायला शेळ्या द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. तिथे साकवाचा संबंध नव्हता. पण पाच-सात वर्षांच्या पोरांना रोज लांब चालवणं म्हणजे काय, हे त्यांनी नाशिकच्या रस्त्यावर दाखवलं.

साकव टिकाऊ होऊ शकतो. कर्नाटकातल्या सुळ्याचे गिरीश भारद्वाज यांनी शंभराहून अधिक झुलते पूल उभे केले. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडेही पाया घालण्याआधी पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं, मोठ्या पुरात पाणी कोणत्या झाडापर्यंत आलं होतं. जानेवारीतली नदी पाहून जुलैचा साकव बांधता येत नाही.

आणि जिल्हा नियोजन समितीने मंजुरी देताना त्याच कागदावर लिहून द्यावं, की या साकवाने अंतर कमी झालं म्हणून पाड्यावरची शाळा किंवा अंगणवाडी हलवली जाणार नाही. शेंद्रीपाड्याचा पूल जेमतेम सहा महिने टिकला होता.