विश्लेषण : सरासरी सॉफ्टवेअर काढेल, पण कशाची?

प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आली की समाजकार्य, शिक्षणशास्त्र, वाणिज्य शाखांतील अनेक विद्यार्थी भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन ‘एसपीएसएस करून देणाऱ्या’ माणसाच्या शोधात निघतात. पैसे मोजले की तक्ते मिळतात. तोंडी परीक्षेत मात्र त्यातल्या एका आकड्याचा अर्थ विचारला तरी अनेकदा दातखीळ बसते. वास्तविक हे काम स्वतः शिकता येण्यासारखे आहे आणि त्यातला अवघड भाग सॉफ्टवेअर नाहीच.

घोळ कुठे होतो?

माहिती भरताना. वय न सांगणाऱ्यासाठी ९९ हा संकेतांक लिहिण्याची पद्धत जुनी आहे. चौघांची वये २०, २२, २४ आणि ९९ अशी भरली, तर सरासरी येते ४१.२५. उत्तर देणाऱ्या तिघांची खरी सरासरी आहे २२. एसपीएसएसमध्ये ‘मिसिंग’ या रकान्यात ९९ नोंदवले की प्रश्न मिटतो. नाही नोंदवले, तर सॉफ्टवेअर कुरकुरही करत नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये गावाचे नाव कुणी देवनागरीत लिहितो, कुणी रोमन लिपीत, आणि एका पुण्याची दोन शहरे होतात.

उलट्या विधानांचेही तसेच. ‘परीक्षेची भीती वाटते’ याला ५ गुण म्हणजे ताण जास्त. ‘परीक्षेआधी शांत झोप लागते’ याला ५ म्हणजे ताण कमी. बेरजेपूर्वी दुसऱ्याचे गुण ६ मधून वजा करावे लागतात. हे राहून गेले की क्रॉनबॅक अल्फा घसरतो, कधी उणेही येतो, आणि नवशिका बिचाऱ्या प्रश्नावलीला दोष देतो.

सुरुवात कशी करावी?

‘फ्रिक्वेन्सीज’पासून. कोणते उत्तर किती जणांनी दिले, हा साधा तक्ता प्रत्येक प्रश्नासाठी आधी पाहावा. १ ते ५ च्या श्रेणीत ५५ दिसले की टंकचूक तिथेच सापडते. काय-वर्ग, टी-चाचणी वगैरे त्यानंतर. दिसेल त्या दोन प्रश्नांची जोडी लावून ०.०५ पेक्षा लहान ‘पी’ शोधत बसणे ही वाईट खोड. कशाचा कशाशी संबंध नसला, तरी अशा २० चाचण्यांत सरासरी एक ‘सार्थक’ निघतेच.

सॉफ्टवेअर महाग असल्याची सबब आता चालू नये. आर, जामोवी, जास्प, पीएसपीपी मोफत आहेत. पीएसपीपी तर दिसायलाही एसपीएसएससारखेच. मार्गदर्शकांनी जाडजूड परिशिष्टाऐवजी मूळ डेटा फाइल आणि संकेतांकांची यादी मागावी, आणि विद्यार्थ्याला एक तक्ता समोर बसून काढायला सांगावा. दहा मिनिटे पुरतात.