शब्दांचे घर : वण आणि वळ

वाचकहो, शब्दकोडे सोडविताना खुणांचे शब्द फार अडवितात. अनुवादकाचेही तेच. हिंदी मजकुरात 'निशान' आला की लेखणी थांबते. कारण मराठीत कापडावर डाग पडतो, लाकडावर ओरखडा उठतो आणि कागदावर ठसा उमटतो.

गेल्या रविवारी बंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटजवळील आमच्या घरी, नऊ वर्षांची कन्या कोडे घेऊन बसली होती. आडवा शब्द, दोन अक्षरे : 'जखम भरल्यावर अंगावर राहतो'. तिने तत्काळ 'कले' सुचविला. शाळेत दिवसभर कन्नड बोलणाऱ्या मुलीला दुसरे काय आठवणार? कन्नडात कले म्हणजे डाग, आणि कलाही! मी ऐटीत 'व्रण' म्हणालो. कोड्यात जोडाक्षराला एकच घर लागते, तेव्हा शब्द बसलाही. परंतु त्याच घरातून खाली जाणारा शब्द होता : 'छडी बसली की उठतो'. तो 'वळ', तेथे 'व्र' चालेना. संस्कृतात व्रण म्हणजे जखमच. ती गेल्यावर उरतो तो वण.

कन्येला मात्र 'वळ' ठाऊक नव्हता. मी तळहात पुढे करून समजावू लागलो, तर तिला ते खरेच वाटेना. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे. भाषेचा सेवक असूनही, हा शब्द तिला समजावून सांगावा लागला याचे मला दुःख झाले नाही.

'वण' दाखविण्यासाठी आजीला हाक मारली. तिच्या गालांवरील खळगे म्हातारपणाचे आहेत, असाच नातीचा समज होता. ते देवीचे वण. भारतात देवीचा अखेरचा रोगी १९७५ साली आढळला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. नातीने आजीचा गाल चाचपला, मग स्वतःची डावी बाही वर सारली. क्षयाची लस टोचल्याचा बारीक वण तेथे होता. तो पाहूनच तिने पेन्सिलीने दोन्ही घरे भरली.

एक शब्द आपणासाठी ठेवतो. पाच अक्षरे : 'शिवकालीन पत्राच्या माथ्यावर एक, आणि मजकूर संपला, पुढे कोणी भर घालू नये, म्हणून अखेरीस दुसरे'. आजही एखादी गोष्ट पक्की झाली की आपण हाच शब्द वापरतो. उत्तर पुढील अंकी.