चौकशी, खटला आणि भाकरी

पवारांच्या जुन्या धार संस्थानाच्या मुलखात आज पीथमपूरची औद्योगिक वसाहत उभी आहे. तेथे काय किंवा आपल्या गावच्या गिरणीत काय, कामगारावर चोरीचा आळ आला की त्याला दोन ठिकाणी जाब द्यावा लागतो : फौजदारी न्यायालयात आणि मालकाने नेमलेल्या चौकशी अधिकाऱ्यापुढे. ही दोन्ही प्रकरणे एकाच वेळी चालविणे हाच मुळी अन्याय, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. न्यायालयाला गुन्हा निःसंशय सिद्ध झालेला लागतो. मालकाला, हा मनुष्य कामावर ठेवावा की नाही, एवढेच ठरवावयाचे असते. खटल्याच्या निकालापर्यंत वर्षानुवर्षे स्वस्थ बसा, असे कोणत्याही कारखान्याला सांगता येणार नाही. १९६० साली दिल्ली क्लॉथ मिलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. मात्र प्रकरण गंभीर वा गुंतागुंतीचे असेल तर थांबणे इष्ट, अशी पुस्तीही जोडली. ती योग्यच होती. चौकशीत तोंड उघडावे तर आपला बचाव सरकारी वकिलाच्या हाती आयता पडतो, आणि गप्प बसावे तर नोकरी जाते!

परंतु खरा काटा निराळ्याच ठिकाणी आहे. कोलारच्या भारत गोल्ड माइन्समधील एका सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरावर २ जून १९८५ रोजी पोलिसांनी छापा घातला. साडेचार ग्रॅमचा सोन्याचा गोळा आणि १,२७६ ग्रॅम सुवर्णयुक्त वाळू सापडली, असा आरोप. दुसऱ्याच दिवशी निलंबन! खटला संपेपर्यंत चौकशी थांबवा, ही त्याची विनंती व्यर्थ गेली. निर्वाह भत्ता न मिळाल्याने केरळमधील घरून कोलारला येण्यापुरता पैसाही त्याच्यापाशी नव्हता. चौकशी एकतर्फी उरकून जून १९८६ मध्ये त्याला बडतर्फ करण्यात आले. फेब्रुवारी १९८७ मध्ये न्यायालयाने, छापा व जप्तीच सिद्ध होत नाही, म्हणून त्याला निर्दोष सोडले. दोन्हीकडे पुरावा तोच आणि साक्षीदारही तेच; तरी कंपनीने त्याला परत घेतले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली, पण तोपर्यंत १९९९ साल उजाडले होते.

मध्य प्रदेशातही याहून निराळे घडले नव्हते. रीव्याला राहणाऱ्या वनखात्यातील एका सेवकाची चौकशी सुमारे ५०० किलोमीटरवरील जगदलपूरला भरविली आणि त्याला भत्ता दिला नाही. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फीही रद्द ठरविली. आणि आपल्या महाराष्ट्राने तरी काय केले? शिक्षेविरुद्धचे अपील चालू असताना निलंबित सेवकाला दरमहा एक रुपया भत्ता देण्याचा नियम आपल्या सरकारने जपून ठेवला होता. तो न्यायालयाने १९८३ साली मोडीत काढला. एक रुपयात महिना कसा काढावा, हे नियम लिहिणारालाच ठाऊक!

पहिले ९० दिवस निम्मे वेतन आणि पुढे, विलंब कामगारामुळे झाला नसेल तर, पाऊण वेतन, ही तरतूद १९८२ च्या दुरुस्तीने कामगारांच्या कायद्यात आली; २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. खटला रेंगाळला तर थांबविलेली चौकशी पुन्हा सुरू करण्याची मुभा १९९९ च्या त्याच निकालाने मालकाला दिली आहे. तेव्हा घाईला निमित्त उरत नाही. निलंबनाचा कागद हाती पडताच कामगाराने भत्त्याची लेखी मागणी करावी आणि तिची पोच जपून ठेवावी. कामगार संघांनी चौकशीच्या पहिल्याच तारखेला, साक्षीदार उभा राहण्यापूर्वी, या महिन्याचा भत्ता पोचला काय, एवढे विचारून त्याचे उत्तर चौकशीच्या कागदांत नोंदवून घ्यावे.